शेवटच्या बाकाचा पेला

"फोड म्हणते ना मी. फडक्यात गुंडाळ आणि आपट फरशीवर. एवढ्याशा पेल्याचे किती लाड?"

"मी फोडणार नाही, ताई. तुम्हाला फोडायचा तर तुम्ही फोडा. आधी हात तर लावून दाखवा."

ताईंनी हात लावला नाही. दोन्ही हात पाठीमागे घेतले.

शनिवारची दुपार होती. चर्चमध्ये वेदीच्या मागे एक अरुंद खोली आहे. एक नळ, एक कपाट, मेणबत्त्यांचा आणि ओल्या भिंतीचा वास. प्रभुभोजनाची भांडी घासायचं काम तीस वर्षं माझ्याकडे आहे. ताई माझी थोरली नणंद, महिला मंडळाच्या अध्यक्ष. शेजाऱ्यावर प्रेम करायची गाणी सुरू झाली की त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असतो. मी शाळेची पायरी चढलेली नाही; बायबल वाचता यावं म्हणून एकटीने अक्षरं गिरवली. ताईंना ते तोंडपाठ आहे. मी सावकाश वाचते, त्यामुळे शब्द माझ्यावरून नुसते सरकून जात नाहीत, अडकतात.

भांडणाचं कारण टेबलावर होतं. काचेचा छोटा पेला.

आमच्याकडे दर रविवारी प्रभुभोजनाला सगळी मंडळी एकाच मोठ्या पेल्यातून द्राक्षारस घेते. एकच पेला म्हणजे सगळे एक, त्यातच तर सगळं आलं. पण शिवणकाम करणारी एक बाई होती. वेदीवरचं प्रत्येक कापड तिच्या हातचं. तिला खोकला लागला. हा पसरणारा आजार नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. ताई म्हणाल्या, कागद खोकत नाही. झालं. तिला शेवटच्या बाकावर बसवलं आणि तिच्यासाठी वेगळा पेला आणला. पाळकांनी मान खाली घातली, ती वर केलीच नाही. मोठ्या पेल्यावर प्रार्थना व्हायची. हा छोटा मी इथे नळाशेजारी भरायचे, बाटलीतून, त्यावर कुणी एक शब्दही न बोलता. दोन वर्षं मीच तो मागे नेऊन दिला. साऱ्या जगाशी भांडणारी मी, तेव्हा माझी जीभ कुठे गेली होती कोण जाणे. दोरा ओठांत भिजवावा तसा ती जपून एक घोट घ्यायची आणि म्हणायची, "देव तुझं भलं करो, बाई."

हिवाळ्यात ती गेली. पुरायला आम्ही चौघं. वेदीच्या कापडाची निळी किनार अर्धीच राहिली होती. तो दोरा तिने स्वतः रंगवलेला, तसला निळा कुठे मिळत नाही. उरलेलं रीळ मी शवपेटीत तिच्या हाताखाली ठेवलं. झाकण माझ्यासमोर ठोकलं.

तेव्हापासून दर शनिवारी कपाटाचं कुलूप उघडावं तर हा पेला ओला. आणि आज त्याच्या तळाशी दोरा होता. बोटभर, निळा. टोक ओलं करून पिळलेलं, सुईत ओवायला तयार.

"उंदराने आणला असेल," ताई म्हणाल्या.

"आणि पीळही उंदरानेच घातला."

"मग तू घातलास. तुला मला छळायचंय."

"छळायचं असतं तर आजवर थांबले असते का मी?" मी हात पुसले. "ऐका. उद्या हा पेला मोठ्या पेल्याशेजारी ठेवायचा. याच्यावरही प्रार्थना व्हायची. आणि आपण दोघींनी उभं राहून सांगायचं, काय केलं ते."

"मंडळी काय म्हणेल?"

"म्हणू दे. दोन वर्षं कुणी काही म्हटलं नाही, तेच जास्त झालं."

"नको गं..." ताईंचा आवाज एकदम बसला. "फुटला की संपलं. संपू दे ना, वहिनी."

तेवढ्यात खोकला ऐकू आला.

बाहेरून, चर्चच्या मागच्या टोकाकडून. कोरडा, रुमालात दाबलेला. दुसऱ्याला त्रास नको म्हणून माणूस जपून खोकतो ना, तसा. थांबला... पुन्हा एकदा आला.

ताईंनी माझं मनगट धरलं. आम्ही दार उघडलं. एका बाजूच्या खिडक्यांतून ऊन आत आलं होतं, त्यात धूळ तरंगत होती. बाक सगळे रिकामे. मी मधल्या वाटेने शेवटपर्यंत चालत गेले. स्वतःच्या पावलांचा आवाज मला नकोसा झाला होता. शेवटच्या बाकावर कुणी नव्हतं. मी तिच्या जागेवर तळवा टेकवला. लाकूड गरम होतं. त्या बाजूला ऊन येत नाही.

परत आले तेव्हा ताई वेदीपाशी उभ्या होत्या. उद्यासाठी घासून ठेवलेल्या मोठ्या पेल्याकडे पाहत होत्या, पण त्यापासून चार हात लांबून. मी खोलीतून छोटा पेला आणला आणि त्यांच्यापुढे धरला. निळा दोरा अजून तळाशी होता.

"घ्या. फोडा. आता मी अडवत नाही."

ताईंनी पेल्यात वाकून पाहिलं. मग जिभेने दाढेपाशी काहीतरी चाचपलं, कितीतरी वेळ.

"ठेव तो कपाटात, वहिनी... हा फोडून काय संपणार? चार रविवार झाले, मोठ्या पेल्यातून प्यायले की माझ्या दातांत हाच दोरा येतो."