ब्युइकची मागची सीट

१९९३ सालचा डिसेंबर, सोमवारची रात्र, सव्वाबाराची वेळ. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात, बंद पडलेल्या एका कापड मिलचं मागचं फाटक. हृषीकेश तिथून एक मोटार बाहेर काढायला आला होता.

गोष्ट बाबूराव सांगत होते. बडा गणपतीजवळच्या घराची गच्ची, लाइट गेलेली, समोर देवांश आणि शर्वरी ही नातवंडं. देवांशने मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या रॅलीतला फोटो दाखवला आणि म्हणाला, "क्या गाडी है, आजोबा! एकदम रॉयल!" एवढंच निमित्त झालं.

"रॉयल? फोन ठेव खाली," बाबूराव म्हणाले. "ओळखतो मी हिला. त्या रात्री हिला चालवणारा हृषीकेश आपल्याच गल्लीतला. जा, विचार त्याला. सांगणार नाही तो. पण विचार."

गाडी देखणी होती, त्यात वाद नाही. १९३८ची ब्युइक. मुंबईच्या गोदीत उतरली, खंडव्याहून मीटरगेजच्या उघड्या डब्यावर दोरखंडांनी बांधून इंदूरला आली. लांबलचक मरून रंगाचं बॉनेट, आठ सिलिंडरचं इंजिन, दोन्ही बाजूंना माणूस उभा राहील एवढं पायदान. मागची सीट असली कातड्याची. मिलचे मोठे शेठ तिच्यातून यायचे तेव्हा पाळी सुटलेले कामगार रस्त्याच्या कडेला सरकून उभे राहायचे. त्यालाच आता ही रॅलीवाली मंडळी 'वैभवाचा काळ' म्हणतात. कडेला सरकलेल्यांचा फोटो कुणी काढला नाही, म्हणून वैभव.

हृषीकेशचे वडील कृष्णराव त्याच मिलमध्ये हजेरी कारकून. साठच्या दशकात कापूस पिंजायच्या खात्यात आग लागली, तेव्हा ते पोर्चमध्ये उभे होते. भाजलेली माणसं अंगणात आणून ठेवलेली. कुणीतरी हात जोडले, "शेठजी, गाडी द्या, हॉस्पिटलला न्यायचंय." शेठ म्हणाले, "सीट खराब होईल." मग हातगाड्या आणल्या. हातगाडी पोचेपर्यंत माणूस थांबत नाही.

कृष्णराव हे मरेपर्यंत सांगत राहिले. हृषीकेशला कंटाळा यायचा. "बाबा, तुम्ही लोक ना, जुनंच उगाळत बसा. दुनिया कुठच्या कुठे गेली."

दुनिया खरंच गेली होती. मिलला कुलूप लागलं होतं आणि शेठचा नातू दिल्लीहून परदेशी मोटारींची एजन्सी घेऊन आला होता. ए.बी. रोडवर काचेचं शोरूम उभं राहत होतं. नातवाने हृषीकेशला सांगितलं, "उद्या राजवाड्यावरून रॅली निघतेय. दादाजींची ब्युइक उजाडायच्या आत पलासियाच्या बंगल्यावर आण. शोरूमचा मॅनेजर तू." पुढच्या फाटकावर कामगार धरणं धरून बसलेले. मिलचा खिळासुद्धा बाहेर जाऊ देणार नाही म्हणायचे. म्हणून मागचं फाटक, आणि म्हणून रात्र.

आठवडाभर मिलच्याच गॅरेजमध्ये खपून हृषीकेशने इंजिन सुरू केलं होतं. बाहेरून गाडी आरशासारखी चमकवली होती. आतली सफाई सकाळी बंगल्यावर होणार होती.

"भिया, गेट तक लाइट मत जलाना," चौकीदार कुजबुजला. "आगेवाले जाग रहे हैं."

"जागने दो," हृषीकेश हसला. "शेकोटी ताप रहे हैं, और क्या. इनसे मिल नहीं चली, धरना क्या चलेगा!"

चौकीदार फाटक उघडायला पुढे गेला.

हृषीकेश स्टिअरिंगमागे बसला. आता एक लक्षात घ्या. आपण मराठी माणसं कुठूनही निघताना 'चला' म्हणतो. कुणाला म्हणतो? कुणालाच नाही. एकटे असलो तरी म्हणतो. जागेला म्हणतो, भिंतींना म्हणतो. हृषीकेशने इंजिन सुरू केलं आणि सवयीने, जरा मोठ्यानेच म्हणाला,

"चला!"

गाडी मागून बसली.

आधी थोडी. मग आणखी थोडी. मग पुन्हा. पायदानावर पाय ठेवून कुणी आत शिरावं तशी, एकदा डावीकडे कलायची, एकदा उजवीकडे. दार उघडल्याचा आवाज नाही. लागल्याचा नाही. बॉनेट मात्र वर उचललं गेलं.

त्याला वाटलं, टायर बसले. उतरून पाहिलं. टायर भरलेले. मागच्या काचेतून आत पाहिलं. अंधार.

"भिया, जल्दी करो!" चौकीदाराने हाक मारली.

तो बसला. गाडी निघाली. भरल्या बैलगाडीसारखी निघाली. आठ सिलिंडर धापा टाकत होते.

चौकात आला तेव्हा वास आला. जळक्या कापसाचा.

वायरिंग असेल, तो मनात म्हणाला. जुनी गाडी. वायरिंगच.

आरशात पाहिलं. काही नाही.

पलासियाकडे वळायचं होतं. त्याने स्टिअरिंग वळवायला घेतलं. स्टिअरिंग फिरलं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. ब्रेक दाबला. गाडी आपल्या चालीने पुढे... हळू... भाजलेल्या माणसाला धक्का लागू नये इतकी हळू.

"कोण आहे?"

...

"मी कृष्णरावांचा मुलगा..." हे तो का बोलला, त्याला आजही माहीत नाही.

मागे कुणीतरी श्वास घेतला. एकाने नव्हे.

गाडी सरकारी हॉस्पिटलच्या आवारात शिरली. अपघात विभागाच्या पोर्चमध्ये गेली आणि स्वतःच थांबली. इंजिन बंद पडलं.

हृषीकेश हलला नाही. मान वळवली नाही. हात स्टिअरिंगवर तसेच. गाडी मागून जराशी उचलली गेली. मग आणखी जराशी. डावीकडे. उजवीकडे. एकेक करून. वास विरत गेला.

काचेवर टकटक झाली. तो किंचाळला.

स्ट्रेचर ढकलणारा माणूस होता, कानटोपी घातलेला, वैतागलेला. "ओ भिया, गाडी हटाओ यहाँ से. आपके साथवाले तो सब अंदर चले गए."

हृषीकेश दार उघडं टाकून पळाला. त्या थंडीत अनवाणी, एक बूट गाडीत, एक रस्त्यात. स्नेहलतागंजात बहिणीकडे पोचला तेव्हा तापाने फणफणला होता. तीन दिवस बोलला नाही. शोरूम दुसऱ्याला मिळालं.

"आणि आत कोण गेलं होतं?" शर्वरीने विचारलं.

"कुणीच नाही. त्या रात्री पहाटेपर्यंत एक पेशंट दाखल नाही. स्ट्रेचरवाला मात्र शपथेवर सांगत राहिला."

"मग गाडी?"

"गाडीला काय धाड भरलीय! सकाळी नातू आला, सोबत दोन नोकर. हृषीकेश जिवंत आहे की मेला, विचारलंसुद्धा नाही. आधी मागचं दार उघडून सीट पाहिली. खानदानी सवय." खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली. बाबूराव जरा पुढे सरकून बसले.

"सीटवर मिल बंद पडल्यापासूनची धूळ होती. साय धरावी तशी. तिच्यावर एक बोट उमटलेलं नव्हतं."

"म्हणजे कुणी बसलंच नव्हतं," देवांश सुटल्यासारखा म्हणाला.

"खाली पायाशी गालिचा होता. तो काळा पडलेला. त्यावर राखेत उमटलेली अनवाणी पावलं. एकाशेजारी एक, दाटीवाटीने, उकिडवं बसल्यावर उमटतात तशी."