एका चुलीची माणसं

शिवणवालीच्या दुकानाची पायरी चढताना जनगणनेचा मोजणीवाला कुणाच्या तरी पायाला अडखळला. तोल सावरायला त्यानं जे धरलं, ते तिच्या हातातलं नवंकोरं झबलं निघालं. टर्रकन फाटलं. अशी यांची पहिली भेट!

पाय होता एका पोराचा. अशी सात पोरं तिथं दुकानालगतच्या जिन्याखाली राहायची. ना आई, ना बाप, ना मागे कुणी हाक मारणारं.

झबल्याचं राहू द्या, आधी यांना लिहा, असं ती म्हणाली. त्यानं मान खाली घातली. एका चुलीवर जेवतात ते एक घर, आणि मोजायची ती फक्त घरं, असा वरचा नियम. यांना चूलच नाही. आणि इथं बिनआईबापाचं एकही पोर नोंदलं गेलं नाही, तर बाजारामागं अशा पोरांसाठी व्हायचा निवाराही होणार नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यांनी नळ मोजले, खांब मोजले, गुरंसुद्धा मोजली.

"बायकांना जन्मभर चूल आणि मूल ऐकवलंत. आता चूल नाही म्हणून मूलही नाही?"

"नियम माझा नाही हो…"

"तोंड तर तुमचं आहे ना?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मशीनवरून तिची आत्या म्हणाली, लाजतोय म्हणजे अजून माणसात आहे.

दुसऱ्या दिवशी तो शर्टाचं बटण घेऊन हजर.

"हे तुटलेलं नाही… कापलंय," ती म्हणाली.

"…हो."

ती टाके घालू लागली, तो श्वास रोखून उभा. साहेबांशी भांडलो, म्हणाला. सात पोरांसाठी का नियम बदलायचा, म्हणून ते हसले. तिनं दोरा दातानं असा तोडला, जणू साहेबांचा कानच.

"एका चुलीवर जेवतात ते एक घर. नक्की?"

"नक्की."

तिसऱ्या दिवशी तिनं घरातली शेगडी दुकानाच्या उंबऱ्यात मांडली. पातेलंभर भात, भोवती सातही पोरं.

"लिहा. हे घर."

घराची प्रमुख म्हणून हिलाच लिहा, माझं इथं ऐकतं कोण, असं आत्यानं बजावलं. पण प्रमुखाशी नातं? तिथं त्याचा हात थांबला. मुलगा, भाचा काही लिहिलं, तर कागदावर पोरांना नातलग मिळतील आणि निवारा जाईल.

"मग खरं तेच लिहा," ती म्हणाली.

त्यानं एकेकाचं नाव विचारलं, आणि सातदा लिहिलं: नातं नाही. धाकट्यानं आपलं नाव दोनदा सांगितलं. न जाणो, ऐकू गेलं नसलं तर!

"साहेबांनी खोडलं तर?"

"पुन्हा लिहीन. नोकरी गेली तरी."

तिनं त्याच्यापुढं ताट सरकवलं. तो हळूच म्हणाला, "जेवलो तर मीही याच चुलीचा… मलाही लिहावं लागेल."

"लिहा की."

"आणि नातं?"

ती उगाचच शेगडी फुंकत राहिली.

"'नाही' तेवढं लिहू नकोस."