सहानंतरचा मेसेज

खुर्ची हलली. नुसती हलली नाही, चक्क नाचली! नोटीस बोर्डावर नवा नियम लावायला ती, कारखान्याची एचआर मॅडम, वर चढली होती, आणि तोंडात टाचण्या असल्यामुळे तिला ओरडताही येईना. तेवढ्यात कुणीतरी खुर्ची घट्ट धरली.

"सावकाश, मॅडम. पडलात तर अपघात-भरपाईचा नियम तुम्हालाच वाचत बसावं लागेल."

तिनं खाली पाहिलं. पॅकिंगमधला मेकॅनिक. बाहीला ग्रीस आणि डोळ्यांत नुसता मिश्कीलपणा.

टाचण्या काढून ती ठसक्यात म्हणाली, "तो नियम मागच्याच महिन्यात बदललाय."

"आणि ही खुर्ची कधी बदलणार?"

ती हसणार नव्हती... पण हसली.

तशी तिला हसायला फुरसत होती कुठे? कामगार कायदे म्हणजे सरडेच, आज एक रंग, उद्या दुसरा! ओव्हरटाइमचे नियम जरा कुठे डोक्यात बसतात, तोवर रजेचे बदललेले. दात घासताना ती दुरुस्त्या वाचायची. स्वप्नातसुद्धा कुणीतरी कलम विचारायचं आणि तिला नेमकं तेच आठवायचं नाही. आपल्या चुकीनं कुणाची रजा नाहीतर पगार बुडेल, या धास्तीनं जीव कायम टांगणीला. कारखान्यात सगळे तिला पाठीमागं 'नियमताई' म्हणायचे. तिला माहीत होतं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मेकॅनिकचा मेसेज येऊ लागला.

'मॅडम, उरलेली रजा पुढच्या वर्षी चालते?'

'मॅडम, लग्नासाठी वेगळी रजा मिळते का हो? सहज विचारतोय...'

'मिळते,' तिनं लिहिलं. 'पण आधी लग्न ठरावं लागतं.'

'बघा! हेच मला कुणी सांगितलं नव्हतं.'

धाकटी बहीण खांद्यावरून डोकावली. "ताई, रजेचा एवढा अभ्यास करणारा हा माणूस रजा घेतो तरी का गं?"

तिनं रजेची नोंद आठवून पाहिली. खरंच की! वर्षभरात त्यानं एकही रजा घेतली नव्हती.

आणि मग एक नवा कायदा आला. संध्याकाळी सहा वाजता काम सुटलं, की कामाचा फोन नाही, मेसेज नाही. तिनं सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून नीट समजावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतून एक ग्रीसची बाही वर झाली.

"मॅडम, साहेबांनी मेसेज करायचा नाही, हे कळलं. पण... आम्ही तुम्हाला काही विचारलं तर?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिचे कान तापले. आणि सगळ्यांसमोर उगाच कडक होत ती म्हणाली, "तेही नाही. काय विचारायचं ते सकाळी, ऑफिसात येऊन."

"समजलं," तो म्हणाला. हसला नाही.

हाय रे कर्मा! आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा!

त्या संध्याकाळी फोन मुका. दुसऱ्या दिवशीही मुकाच. जिन्यात तो भेटला, नुसती मान हलवून निघून गेला. ती घरी आली की फोन पालथा ठेवायची, उताणा करायची, उशीखाली दडपायची आणि लगेच बाहेर काढायची. खिडकीशी उभं राहवेना, खुर्चीत बसवेना.

"अगं, अंगात मुंग्या शिरल्यात का तुझ्या?" धाकटी म्हणाली. "तूच कर ना मेसेज!"

"काय करू? सेफ्टी शूज मिळाले का, विचारू? ते कामाचं झालं."

"मग दुसरं काहीतरी विचार."

दुसरं! इथंच तर घोडं अडलं होतं. इतके दिवस दोघं बोलले ते सगळं रजा, पगार, कलम... ते काढून घेतलं तर खाली काही उरतं का? की त्याला खरंच फक्त रजेचे नियम हवे होते? आणि नियम लावणारीनंच तो आधी मोडला, तर उद्या सगळा कारखाना हसेल.

हसू दे! तिनं डोळे मिटले आणि पाठवूनच टाकलं.

'हा मेसेज कामाचा नाही.'

ती फोन पालथा ठेवणार... तेवढ्यात स्क्रीन उजळली.

'मॅडम, खरं सांगू? माझे आधीचेसुद्धा नव्हते.'

तिनं फोन धाकटीपुढे धरला. धाकटीनं वाचलं आणि अशी काही शीळ घातली, की बाहेरून आई ओरडली, "काय चाललंय गं पोरींनो?"

'मग गप्प का बसलात?' तिनं विचारलं.

'नियम तुम्ही सांगितला होता. मीच मोडला असता तर लोक तुम्हाला हसले असते.'

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं... आणि हातातला फोन वाजायला लागला. धाकटीला दाराबाहेर ढकलून तिनं तो कानाला लावला.

"मॅडम," पलीकडून आवाज आला, पहिल्यांदाच जरा अडखळत, "मला एक रजा हवी होती. शनिवारी. म्हणजे... तुम्हीपण घेणार असाल तर..."

"रजेचं सकाळी, ऑफिसात," ती म्हणाली. तिचं हसू आता काही केल्या आवरेना. "सहा वाजून गेलेत. कामाचं बोलायचं नाही."

"मग काय बोलू?"

"काहीही," ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. किती दिवसांनी, अगदी शांत. "कामाचं सोडून... काहीही बोला."