उतरा आता, पवित्र पिता

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण माझ्या एर्सिलिया आत्यासमोर याला कुणी 'गोष्ट' म्हणालं, तर ती त्याला दारातूनच वाटेला लावते.

असलं काही रात्रीच घडतं म्हणतात. हे घडलं भर दिवसा, सकाळी अकराला, अख्ख्या गावासमोर. मोंतेकर्वोच्या चौकात, १९७९ साली, कार्निव्हलच्या मंगळवारी.

त्या दिवशी आमच्याकडे 'खोट्या'ची वरात निघते. नऊशे वर्षांपूर्वी एकाच वेळी दोन पोप होते. त्यातला हरलेला पळता पळता आमच्या गावात सापडला. लोकांनी त्याच्या अंगावर बकऱ्याचं ओलं, रक्ताळलेलं कातडं घातलं. गाढवावर उलटं बसवून लगामाऐवजी हातात शेपूट दिलं. मग विचारत राहिले, "तू कोण?"

"कुणी नाही" म्हणाला असता, तर सुटला असता. तो "मी पोप" म्हणत राहिला. जीभ कापेपर्यंत म्हणत राहिला.

तेव्हापासून दर वर्षी गावातला एक जण खोट्या बनतो. तीनदा प्रश्न, तीनदा "कुणी नाही", की सुटका.

नियम एकच. त्याला पोपसारखं 'पवित्र पिता' म्हणायचं नाही. थट्टेतही नाही.

त्या वर्षी आत्याच्या नवऱ्याची, नाझारेनोची चिठ्ठी निघाली. तो बाहेरगावचा, भिडस्त आणि बोलताना अडखळणारा. चिठ्ठी गावदेंझिओ खाटकाने काढली आणि कुणालाही न दाखवता खिशात घातली. सगळे काय ते समजले आणि हसले.

सकाळी त्याच्या अंगावर कातडं बांधताना आत्याने त्याला पढवलं.

"काहीही होऊ दे, नाव सांगायचं नाही. मी जरी विचारलं, तरी काय म्हणशील?"

"कु... कु... कुणी नाही."

"शाब्बास. तासाभरात सुटशील. मसुरीचं सूप गरम ठेवते."

चौकात गावदेंझिओ कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"तू कोण रे?"

"कु... कु..."

"कोंबडा आहे म्हणतो."

चौक खदखदून हसला.

"अडखळलेलं धरायचं नाही," गावदेंझिओ म्हणाला. "पुन्हा."

पुन्हा विचारलं. पुन्हा धरलं नाही. आधी लिंबाच्या साली आल्या, मग राख, मग दगड. वीस वेळा तरी विचारलं असेल. नाझारेनोच्या कानातून रक्त गळायला लागलं, तरी लोक पोट धरून हसतच होते. तो शेपूट घट्ट धरून फक्त आत्याकडे बघत होता.

आत्याचं डोकं फिरलं. ती कारंज्याच्या पायरीवर चढली.

"लाजा वाटू द्या रे जरा," ती ओरडली. मग संतापाच्या भरात नवऱ्याकडे वळली. "या जनावरांपेक्षा तुम्हीच खरे. उतरा आता, पवित्र पिता."

आयुष्यात तिने त्याला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

हशा थांबला.

कारंज्याचं पाणी पडत होतं, पण... त्याचा आवाज येत नव्हता.

तो उतरला. सावकाश, कुणाचाही हात न धरता.

गाढवाची पाठ मात्र... वाकलेलीच राहिली.

"तू... कोण?" गावदेंझिओने विचारलं. या वेळी आवाज चिरका निघाला.

तो त्याच्या जवळून गेला, तेव्हा गावदेंझिओने टोपी काढली. का काढली, ते त्याला मरेपर्यंत सांगता आलं नाही.

घरी आत्याने त्याच्या जखमा धुतल्या. सूप वाढलं. त्याने चमचा उचलला नाही. उजवा हात पुढे केला, पालथा. बोटातली अंगठी चुंबायला दिल्यासारखा.

"पुरे झालं सोंग," आत्या हसून म्हणाली. "खा बघू."

हात तसाच. सूप गार झालं, वर साय धरली, तरी तसाच.

शेवटी तिने त्या हातावर ओठ टेकवले. विहिरीतल्या दगडासारखा गार होता तो.

"जेवा," ती म्हणाली. 'तुम्ही' आपोआप आलं तोंडात.

मग तो जेवला आणि स्वच्छ, न अडखळता म्हणाला, "मीठ कमी आहे."

आत्याच्या हातातलं भांडं पडलं. वीस वर्षांच्या संसारात नाझारेनो एक वाक्य सरळ बोलला नव्हता.

आणि तेवढ्यात... मागच्या गोठ्यातून, वरातीनंतर गाढव आणून बांधलं होतं तिथून, आवाज आला.

गाढव नव्हतं ओरडत. कुणीतरी हलकेच रडत होतं.

आत्या धावली. गोठ्यात गाढव एकटंच होतं. पाठ वाकलेली. शेपूट वर ताणलेलं, कुणीतरी मुठीत धरल्यासारखं.

रडणं थांबलं.

तिला सगळं कळलं. ज्याला तिने नऊशे वर्षांनी हाक मारली, तो उतरला होता. तिचा माणूस गाढवावरच राहिला होता. त्याने एकदा स्वतःचं नाव घेतलं असतं, तरी तिने त्याला हाताला धरून उतरवलं असतं. तसं तिला वाटत होतं, अजूनही वाटतं.

"नाझारेनो, तूच ना रे? घाबरू नको, मी आहे. सांग, कोण आहेस तू?"

मग पढवल्यासारखं, घाईघाईने, तिला खूश करायला...

"कु... कु... कुणी नाही."

गाढव मरून कैक वर्षं झाली. टेबलापाशी बसणारा अजून आहे. नव्वदीचा झाला, रोज हात पुढे करतो. मीही दोनदा ओठ टेकवलेत, न टेकवायची हिंमत झाली नाही.

जेवण झालं की आत्या रिकाम्या गोठ्यात जाते आणि तोच प्रश्न विचारते. गेल्या वर्षी मी दाराबाहेर उभा होतो.

आतून उत्तर आलं. तेच.