एका हातानं चालणारा रेडिओ

"ताई, तुम्ही बसा. मी रेडिओ धरतो, तुम्ही आरामात फिरवा."

मला आजवर अनेकांनी चिडवलंय, पण इतक्या गोड आवाजात कुणीच नाही! मे महिन्यातली दुपार, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि नागपूरच्या धरमपेठेतल्या सुमंतभाऊंच्या दुकानातला कूलर नुसता आवाज करत होता. मी उजवा हात ओढणीत गुंडाळून पोटाशी घट्ट धरला होता आणि डाव्या हातानं काउंटरवरच्या बिनविजेच्या रेडिओचं चार्जिंगचं हँडल फिरवत होते. हा चौथा रेडिओ. हँडल राहिलं बाजूला, रेडिओच काउंटरभर गोल गोल फिरत होता. तेवढ्यात हा कोण कुठला मुलगा शेजारी येऊन उभा राहिला आणि एखाद्या पेशंटशी बोलावं तसं माझ्याशी बोलू लागला.

"मला मदत नको आहे," मी म्हणाले.

"संकोच करू नका. उजव्या हाताला कधीपासून त्रास आहे?"

मी ओढणी सोडली, उजवा हात बाहेर काढला आणि पाचही बोटं त्याच्या नाकासमोर नाचवली. "आतापर्यंत काही त्रास नव्हता. आता मात्र एखाद्याच्या कानाखाली द्यायला शिवशिवतोय."

सुमंतभाऊ काउंटरमागे फिस्सकन हसले. त्या मुलाचे कान लाल झाले. चांगला सावळा होता, तरी लाल झालेले दिसले. मग त्यानं ओढणीकडे पाहिलं, रेडिओकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "म्हणजे... तुम्ही दुसऱ्या कुणासाठी करून बघत होता?"

"माझ्या बाबांसाठी. काही हरकत?"

त्याची कसली हरकत असणार! पण मी एकदा सुरू झाले की मला थांबता येत नाही. सुमंतभाऊंनी दिलेला पाण्याचा ग्लास हातात धरून मी त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं.

माझे बाबा, प्रेमानंद मास्तर, कुहीच्या पुढे नदीकाठच्या आमच्या गावात एकटे राहतात. आई जाऊन सहा वर्षं झाली. धानाची शेती नत्थूकाका बघतो. बाबा रोज संध्याकाळी विहारातलं वाचनालय उघडतात आणि गावातल्या पोरींच्या स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेतात. गेल्या ऑगस्टमध्ये गावाला पाण्यानं वेढलं. तीन दिवस वीज नाही, मोबाइलचा टॉवर बंद. घरं सोडा, शाळेत जा, असं रेडिओवर दर तासाला सांगत होते, आणि बाबा बंद पडलेला फोन हातात धरून घरात बसले होते. पाणी ओसरीला लागलं तेव्हा शाळेत गेलेला नत्थूकाका परत आला आणि त्यांना खांद्यावर घालून घेऊन गेला. मला हे पाचव्या दिवशी कळलं. त्यानंतर डिसेंबरात बाबांना लकवा आला. उजवा हात गेला... म्हणजे आहे, पण नसल्यासारखा.

म्हणून मी बाबांना अट घातली होती. जूनच्या दुसऱ्या शनिवारी, माझ्यासमोर, कुणाचीही मदत न घेता, हँडल फिरवून रेडिओ लावायचा आणि बातम्या ऐकून दाखवायच्या. जमलं तर पावसाळाभर गावात राहा. नाही जमलं तर माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत नागपूरला यायचं. बाबांनी हो म्हटलं, आणि त्या दिवशी ताटावरून तसेच उठले.

"मग हा घ्या," सुमंतभाऊंनी पाचवा रेडिओ पुढे केला. "याले सायरन पण आहे, टॉर्च पण आहे, मोबाइल पण चार्ज होते."

"सायरन वाजवून काय गावाला घाबरवायचंय? मीडियम वेव्ह लागतं का ते सांगा. आणि स्टेशन बटणांनी नाही, फिरवायच्या चकतीनं लावायचं असलं पाहिजे."

तो जड बुडाचा होता. टेबलावर ठेवला की जागचा हलत नव्हता. एका हातानं मस्त चालला. मला हायसं वाटलं, आणि नेमका तेव्हाच तो मुलगा म्हणाला, "हा घेऊ नका."

"काय?"

"तो मघाचा हलका घ्या. डाव्या हातानं हँडल फिरवायचं, उजव्या हातानं रेडिओ धरून ठेवायचा. ज्या हाताला कामच मिळत नाही तो हात काम विसरतो. तुम्ही बाबांच्या उजव्या हाताला सुट्टीच देऊन टाकली आहे."

"दारात पाणी आल्यावर माह्या बापानं व्यायाम करायचा का?" मी चिडले की माझं नागपुरी बाहेर पडतं. "तीन खेपा व्यायामासाठी धंतोलीच्या दवाखान्यात नेलं मी त्यांना. या उन्हात दोन बस बदलून! चौथ्या खेपेले नाही म्हणाले. तुम्हा डॉक्टर लोकांचं काय जाते सांगायले!"

"मी डॉक्टर नाही. धंतोलीत फिजिओथेरपिस्ट आहे. प्रशिक नाव माझं."

"मी विचारलं नव्हतं."

"मी पण तुमचं विचारलं नाही अजून."

"विचारूही नका," मी म्हणाले. मग उगाच वाईट वाटलं. "अस्मिता."

मी जड रेडिओ घेतला. बाहेर पडताना पाहिलं तर त्यानं हलका रेडिओ बांधायला सांगितला होता. "तुम्हाला कशाला?" "येईल कुणाच्या तरी कामी." आणि माझ्या खोक्यावर त्यानं स्वतःचा नंबर लिहून दिला होता. हँडल ढिलं निघालं तर कळवा म्हणे! दुकान सुमंतभाऊंचं आणि गॅरंटी याची!

मी कळवणार नव्हते. पण त्याच संध्याकाळी मी घड्याळ लावून मोजलं. मी एका आर्किटेक्टकडे नकाशे काढते, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. एक मिनिट फिरवलं की रेडिओ चार मिनिटं बोलतो, पुढे नुसती खरखर. हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"चार मिनिटं म्हणजे चांगलंच आहे," तो फोनवर म्हणाला. "तुमच्याशी बोलायला मी याहून जास्त वेळ फिरवीन."

"असलं पेशंटशी बोलता का तुम्ही?"

"नाही. त्यांच्याशी जपून बोलावं लागतं."

मी फोन ठेवून दिला. मग आरशात पाहिलं तर बाई हसत होत्या! स्वतःचाच इतका राग आला...

पुढचे पाच आठवडे मी या माणसाशी रोज भांडले. ऑफिस सुटल्यावर धरमपेठेतल्याच एका रसवंतीत आम्ही समोरासमोर बसायचो. मी जड रेडिओची बाजू घ्यायचे, तो हलक्याची. तो बर्फ न घालता रस प्यायचा आणि माझ्या ग्लासातलं लिंबू पळवायचा. कधी माझा हात हातात घेऊन पकड कशी बघायची ते शिकवायचा. "दाबा माझी बोटं... अजून... अजून." मी जोरात दाबायचे, तरी तो बोटं सोडवून घ्यायचा नाही. शेवटी मीच सोडायचे, आणि मग दोघंही रस्त्याकडे बघत बसायचो.

एकच गोष्ट खुपत होती. रविवारी हा सापडायचा नाही. फोन उचलायचा नाही, संध्याकाळी उचलला तर उन्हानं थकलेला आवाज. "कुठे होता?" "पेशंटकडे." "दर रविवारी एकच पेशंट?" "हो ना." "बाई आहे की माणूस?" त्यावर तो नुसता हसायचा. हसायचं काय त्यात? मी कोण लागते विचारणारी, असंही मनात यायचं, आणि त्या विचारानं तर आणखीच डोकं फिरायचं. रविवारी मी दिवसभर नकाशे काढायचे आणि दर दहा मिनिटांनी रबर शोधायचे.

तरी जूनच्या त्या शनिवारी मी त्याला म्हटलं, साक्षीदार म्हणून चला. त्याच्या बाइकवर मागे जड रेडिओ मांडीवर घेऊन बसले. वाटेत दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या उन्हात भेगाळून पडल्या होत्या आणि वर आभाळ मात्र काळं होऊ लागलं होतं. त्याचा शर्ट धरायचा की नाही, याचा निकाल कुहीपर्यंत लागला नाही. कुहीनंतर रस्ताच खराब होता, त्यामुळे धरला.

गावात शिरलो. मी रस्ता सांगणार, तोच यानं बरोबर पिंपळाजवळून डावीकडे वळवलं. शेजारच्या बायजाबाई अंगणात पापड वाळत घालत होत्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"आला का गा बाप्पा! आज शनवारीच कसा? तुह्या वार तं ऐतवार ना?"

बाइक बंद पडली. मी खाली उतरले. प्रशिकनं हेल्मेट काढलं नाही.

"किती ऐतवार?" मी विचारलं.

"पाच," हेल्मेटमधून आवाज आला.

"मला न विचारता? माझ्या बापाकडे? माझ्या घरात?"

"तुम्ही गावाचं नाव सांगितलं होतं... आणि बाबांना विचारलं होतं मी. तेच म्हणाले, पोरीले सांगू नको. ती आस लावून बसन, अन् हात नाही चालला तं तिले लागन."

मी ज्या बाईचा मत्सर करत होते ती माझे बाबा निघाले! पाच आठवडे दोघांनी मिळून मला मूर्ख बनवलं. रसवंतीत समोर बसून माझं लिंबू पळवणारा हा माणूस बाबांना मुठी वळायला शिकवून येत होता आणि माझ्याशी वर तोंड करून रेडिओवरून भांडत होता!

बाबा ओसरीत खाटेवर बसले होते. पांढरा सदरा, दाढी केलेली. कोपऱ्यात बॅग भरून ठेवलेली होती. ती बॅग पाहिली आणि माझा राग मधेच अडला. बाबांनी खरंच तयारी करून ठेवली होती. शब्द पाळायचा म्हणून.

मी जड रेडिओ त्यांच्यासमोर ठेवला. "बाबा, हा घ्या. हा हलत नाही."

बाबांनी उशीखालून हलका रेडिओ काढला.

"बाबा, ऐका ना माझं. त्याच्यानं काम नाही झालं तर तुम्हाला आजच यावं लागेल."

"माह्यासाठी रेडिओ निवडून राहिले साऱ्या गावचे, मले एकानं तरी विचारलं का?" बाबांचा आवाज चढला. लकवा झाल्यापासून इतका चढलेला मी ऐकला नव्हता. "पाणी आलं अन् टेबलच वाहून गेला तं? तुह्या रेडिओ कुठी ठेवू? हातात धरूनच पळाव लागते, बाई."

त्यांनी रेडिओ उजव्या हातात घेतला. बोटं एकेक करून वळली, सावकाश, जणू प्रत्येकीला वेगळं सांगावं लागत होतं. डाव्या हातानं हँडल फिरवलं. एक फेरा, दोन, तीन... आणि रेडिओ सुटला. खाटेवर आपटून खाली घरंगळला.

मी पुढे धावले. प्रशिकनं माझं मनगट धरलं.

"सोडा!"

"नाही सोडणार."

"बस तिथीच!" बाबा गरजले. "माही परीक्षा आहे का तुही?"

ते वाकले. वाकायला वेळ लागला. रेडिओ उचलला, पोटाशी टेकवला, पुन्हा बोटं वळवली. नखं पांढरी पडली होती. मी मनात मोजत होते. पन्नास... पंचावन्न... प्रशिकची बोटं माझ्या मनगटावर घट्ट होत चालली होती आणि त्याला ते कळतही नव्हतं.

खरखर झाली. मग एका बाईचा शांत आवाज आला. विदर्भात येत्या दोन दिवसांत पाऊस, नदीकाठच्या गावांनी काळजी घ्यावी. बाबांनी बातम्या संपेपर्यंत तीनदा हँडल फिरवलं आणि एकदाही उजव्या हातातून रेडिओ सुटला नाही.

"जमलं," मी म्हणाले. आणि ओढणी डोळ्यांना लावली.

"मंग बॅग रिकामी कर," बाबा म्हणाले. "अन् रडतेस काहून वं? हरली म्हणून?"

मी बॅग उघडली. सदरे घडी करून परत फळीवर ठेवले. बाबा वाचनालयाची किल्ली घेऊन स्वतःच्या पायानं विहाराकडे निघून गेले. डोळे पुसून मी अंगणात आले तेव्हा प्रशिक बाइक पुसत होता. ती चांगली स्वच्छ होती.

"चला, माझं काम झालं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "पकड आली आहे. आता ते स्वतःच करतील. पुढच्या रविवारपासून मी येत नाही."

"काहून?"

"काही कारण उरलं नाही ना..."

"पाच आठवडे माह्याशी खोटं बोलले. माह्या बापाले फितवलं. आता त्यांना चहासोबत गप्पा मारायची सवय लावली अन् म्हणता, येत नाही? कारण लागते तुम्हाले?"

"लागतं," तो म्हणाला. हातातलं फडकं त्यानं तीनदा पिळलं. ते कोरडं होतं. "पहिल्या रविवारी मी बाबांसाठी आलो नव्हतो, अस्मिता. दुकानात एक मुलगी एक हात बांधून बाप कसा जगेल ते करून बघत होती. मला तिच्या घरात यायचं होतं. बाबांची माया नंतर लागली. आता हे सांगितल्यावर तुम्ही हाकलून दिलं तर..."

"मग हे मले सांगायले पाच आठवडे लागले? दोन ग्लास रसामध्ये सांगता आलं नसतं? मी दर रविवारी जळून राहिली होती, माहीत आहे?"

त्यानं मान वर केली. "जळून? कुणावर?"

"विषय बदलू नका!"

आता त्याचे कान पुन्हा लाल झाले होते, आणि माझे त्याहून. पलीकडच्या अंगणात बायजाबाईंनी पापड उचलायचं काम अगदीच सावकाश चालवलं होतं.

"राग किती दिवस राहील?" त्यानं विचारलं.

"जाणार नाही. हे लपवलं त्याचा राग मला जन्मभर येणार आहे."

"मग मी काय करू?"

"काय करू काय? राहा समोर, जन्मभर," मी म्हणाले, आणि त्याच्या हातातलं ते फडकं हिसकावून घेतलं.