भावोजींची भीती

चहाचा दुसरा घोट घशात अडकला आणि यज्ञेशला कळलं की खाली भावोजी बुडालेल्या जहाजात शिरले. तो स्वतः वर, बोटीच्या कोरड्या डेकवर, दोन स्वेटर घालून खुर्चीत बसलेला. समोर नॉर्वेचा काळा किनारा, बोचरा वारा, घाबरण्यासारखं काहीच नाही. तरी तळहात घामाने ओले. ही भीती मुळी त्याची नव्हतीच. ती शंभर मीटर खालून, दोरासोबतच्या तारेतून येत होती.

त्या यंत्राला सगळे नुसता पट्टा म्हणत. एक पाणबुड्याच्या कानामागे, दुसरा वरच्या माणसाच्या. एवढ्या खोल, गोठवणाऱ्या काळोखात माणूस मरतो तो बहुधा घाबरून. धापा टाकतो, हवा संपवतो, डोकं चालेनासं होतं. आधी मेंदूतली भीती नुसती बंद करून पाहिली, पण मग धोकाच कळेना, आणि माणसं हसत हसत मेली. तेव्हा ठरलं, भीती मारायची नाही, दुसऱ्याकडे पाठवायची. खालच्याने शांतपणे काम करायचं, वरच्याने घाबरायचं आणि वेळीच परत बोलवायचं. मालवणच्या पाणबुड्यांनी त्यात स्वतःचं डोकं चालवलं. वर बसवायचा तो मेव्हणा. बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात, तो कशाला डुलकी घेतोय!

भावोजी, म्हणजे दत्तप्रसाद केळुसकर, दोन वर्षं त्याची थट्टा करत आले होते. नुसतं घाबरायला विमानाने येतोस लेका, म्हणायचे.

आज मात्र भीती वाढतच गेली. जहाजाच्या पोटात पाऱ्याच्या गंजलेल्या टाक्या होत्या. त्या फुटून आसपासचं सगळं पाणी नासायच्या आत भावोजी एकेक सोडवून वर पाठवत होते. शेवटची टाकी काही केल्या सुटत नव्हती. त्याच तारेवरच्या फोनमधून पत्रा करकरल्याचा आवाज आला आणि यज्ञेश खुर्चीतून उठला. समोरचा, भावोजींच्या हवेचा काटा लाल खुणेकडे सरकला होता. त्याने परत यायला सांगितलं. एवढी काढतो नि येतो, भावोजी म्हणाले. त्याने पुन्हा सांगितलं, तर ते गाणं गुणगुणायला लागले.

आता एकच उपाय होता. आपल्या कानामागचा पट्टा उपटायचा, म्हणजे ज्याची भीती त्याला परत. जीव घाबरला की माणूस आपोआप पळतो. पण इतकी भीती एकदम अंगावर आली तर भावोजी तिथेच गुदमरायचे. बहिणीचा, शमिकाचा, चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला. पत्रा पुन्हा करकरला. यज्ञेशने डोळे मिटून पट्टा ओढून काढला आणि किंकाळीची वाट पाहिली.

गुणगुणणं तसंच चालू राहिलं.

"भावोजी, मी पट्टा काढलाय."

"असं? मग मला काहीच कसं होत नाही रे?"

यज्ञेशने कानामागे चाचपलं. पट्टा मुठीत होता, तरी छाती धडधडतच होती. ही भीती त्याची स्वतःची, आणि मघाच्यापेक्षा वाईट. खाली भीती उठत होती, पण दोन वर्षं दुसराच घाबरत राहिला आणि भावोजींचं मन ती ओळखायचंच विसरून गेलं होतं.

हवा, टाकी, नियम, सगळं सोडून तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "मला भीती वाटतेय, भावोजी. माझ्यासाठी वर या."

गुणगुणणं थांबलं. "रडतोयस की काय? बरं, येतो बाबा."

दोर हलला. भावोजी जहाजाबाहेर पडले आणि मागोमाग आतलं छत कोसळल्याचा दणका फोनमध्ये आला. यज्ञेशने तोंडात मूठ घातली. भावोजी म्हणाले, "वा, काय आवाज झाला!"

पाण्याचा दाब अंगावरून हळूहळू उतरावा म्हणून, दोराला टांगलेल्या जादा हवेवर थांबत थांबत वर यायला त्यांना संध्याकाळ झाली. आल्या आल्या त्यांनी गरम पेज मागितली, वाडगाभर संपवली, आणि बोटीच्या निसरड्या कठड्यावर पाय बाहेर सोडून बसत घरी फोन लावला. यज्ञेशने मागून त्यांचा कोट धरला. शमिका सांगत होती, आपली ईरा चालायला लागल्यापासून दिसेल त्यावर चढते. काल अंगणातल्या विहिरीच्या कठड्याला लोंबकळत होती, बघून जीवच गेला माझा.

"पडली नाही ना? मग झालं तर," भावोजी म्हणाले.

पुढच्या महिन्यात ते कायमचे घरी जाणार होते. शमिका कामावर गेली की पोरीला तेच सांभाळणार होते. यज्ञेशने कोट आणखी घट्ट धरला. पोर विहिरीच्या कठड्यावर चढलेली दिसली, तर हा माणूस धावेल का?