दोन हातांवरचे सर

गळ्यात ओळखपत्र, पाठीला दप्तर आणि मनगटाला राखण, हे सगळं पोराच्या अंगावर एका दमात चढवणं गडहिंग्लजमधल्या आयांना आता सवयीचं झालं होतं. राखण म्हणजे बोटभर रुंदीचा रबरी पट्टा. शिक्षकांच्या छातीवर असायचा बिल्ला. पट्टा आणि बिल्ला दिवसभर आपापसातलं अंतर मोजत राहायचे, आणि ते किती असावं हे पालक आपल्या फोनवर ठरवायचे. अंतर मोडलं की बिल्ला शिक्षकाला चिमटा काढायचा. विजेचा, बारीकसाच, पण चांगला दणकट माणूसही दचकेल असा. शिवाय त्याची नोंद व्हायची ती वेगळीच.

बाईंसाठी अंतर ठरवायच्या फंदात कुणी पडलं नव्हतं. तिथे शून्य होतं ते शून्यच राहिलं. पण यंदा पहिलीच्या वर्गावर चौगुले सर आले. अख्ख्या प्राथमिक विभागात तेवढे एकच सर. त्याच दुपारी पालकांच्या ग्रुपवर एकीने लिहिलं, ‘मी बाई दोन हात अंतर ठेवलंय.’ मग काय विचारता! संध्याकाळपर्यंत अठ्ठावीसच्या अठ्ठावीस घरांनी दोन हात ठेवले. सरांना तोवर कुणी भेटलंसुद्धा नव्हतं.

त्यात केतकी नाईकही होती. तिची जुई त्याच वर्गात. केतकीने मात्र दुसऱ्या कुणाचं बघून अंतर ठेवलं नव्हतं. सातवीत असताना एक शिकवणी तिने अर्ध्यावर सोडली होती, आणि का सोडली ते आजतागायत आईलाही सांगितलं नव्हतं. फोनवर दोनाचा आकडा दाबताना तिचं बोट जराही अडखळलं नाही.

दिवाळीनंतर सरांच्या नोंदी पन्नासच्या वर गेल्या. पन्नास झाल्या की शिक्षकाला वर्गावरून काढायचं, हा शाळेचा नियम. शनिवारच्या पालकसभेत त्यावर शिक्का बसणार होता. त्याआधी सगळ्या नोंदी नजरेखालून घालायचं काम पालक समितीने केतकीच्या गळ्यात घातलं, कारण ती दूध संघाच्या संगणक विभागात होती.

गुरुवारी दुपारी ती मुख्याध्यापिका नेसरीकर बाईंच्या खोलीत पडद्यासमोर बसली. मुलांचे चेहरे बाहेर जाऊ नयेत म्हणून वर्गातला कॅमेरा माणसं दाखवत नसे, नुसत्या रेघा दाखवायचा. मोठ्या माणसाच्या उंच रेघा, मुलांच्या बुटक्या.

पहिल्या नोंदीत उंच रेघा बुटक्या रेघांच्या पायाशी वाकल्या होत्या. केतकीने दात आवळले. “हे काय?”

“बुटाची नाडी,” बाई म्हणाल्या. “पोरगं पडलं असतं अडखळून.”

दुसऱ्या नोंदीत, बाईंनी सांगितलं, एका मुलाचा घोळणा फुटला होता. सरांनी आधी लांबूनच रुमाल टाकला, मग न राहवून पुढे आले आणि चिमटा बसताच थरथरले. त्यानंतरच्या कितीतरी नोंदींत एकच बुटकी आकृती होती. ती पाटी घेऊन उंच आकृतीकडे निघायची, उंच आकृती मागे सरकायची. ती आणखी पुढे, ते आणखी मागे. शेवटी पाठीला भिंत लागायची, आणि मग थरथर.

“ही तुमची जुई,” बाई हळूच म्हणाल्या.

“अहो, पण जवळ तर ती जातेय! यंत्र ते बघत नाही?”

“त्याला अंतर कळतं, केतकीताई. कोण कुणाकडे गेलं ते कळत नाही.”

शेवटच्या सहा नोंदी लाल रंगात होत्या. शीर्षक होतं, ‘हातात काठी, समोर मूल.’ बाईंनी मान खाली घातली. “या मी अजून उघडल्या नाहीत. मला धीर झाला नाही.”

केतकीने त्यातली पहिली उघडली. उंच आकृती उभी, हातात लांबलचक काठी, आणि काठीचं दुसरं टोक थेट जुईच्या अंगाशी. ‘माणूस ओळखण्यात मी चुकले नव्हते,’ असा विचार आला, आणि खरं सांगायचं तर त्या विचारात थोडं समाधानसुद्धा होतं. पण काठी काही उगारली जाईना. ती नुसती फिरत होती. आडवी गेली, खाली वळली, पुन्हा सावकाश गोल आली. जुईने तिचं टोक दोन्ही हातांनी धरलेलं होतं. केतकीचं बोट नकळत टेबलावर तसंच फिरू लागलं, आणि तिसऱ्यांदा फिरल्यावर तिला उमगलं. ज. तिच्या मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर.

तिने सरांना बोलावून घेतलं. पस्तिशीचा, रुंद हाडाचा माणूस दारातच थांबला. सवयीनेच.

“ही काठी कसली हो, सर?”

“वेताची आहे, ताई. तीन हात लांब. पुढच्या टोकाला खडू बांधलाय.” ते ओशाळून हसले. “जुईची बोटं वळत नाहीत अजून. तिचा हात धरून गिरवून घ्यायला हवं. बाकीच्यांचं बघून-बघून भागतं, हिचं नाही भागत. हात धरता येत नाही म्हटल्यावर घरी बसून हा उद्योग केला.”

“मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? तुमच्या मुलीचा हात धरू का, असं? मी ते विचारलं असतं तर तुम्हाला कसं वाटलं असतं?”

कसं वाटलं असतं ते केतकीला पक्कं ठाऊक होतं.

“मी कारणाशिवाय ठेवलं नव्हतं, सर,” ती शेवटी म्हणाली. “माझ्या लहानपणी…”

“नका सांगू, ताई. मलाही एक मुलगी आहे. तुमची भीती खोटी आहे असं मी कधी म्हणणार नाही. फक्त ती माझ्यामुळे नाही आलेली.”

शनिवारी सभेत केतकीने ती नोंद पडद्यावर लावली. काठीने काढलेला ‘ज’ सगळ्यांनी पाहिला. एक आई डोळे पुसू लागली. मागून एका वडिलांनी विचारलं, “ते सगळं ठीक आहे हो, पण उद्या काही झालं तर?”

“तर?” केतकी म्हणाली. “हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. मला उत्तर येत नाही. म्हणून कॅमेरा राहू दे, नोंदी राहू देत. पण जो नियम बाईंना तोच सरांना. आणि चिमटा कुणालाच नको. माझ्या मुलीला लिहायला शिकवलं म्हणून या माणसाला शिक्षा करायला माझा हात वर होणार नाही.”

बराच वेळ कुजबुज चालली. कुणी म्हणालं, आपलं मूल आहे, प्रयोग कशाला. कुणी म्हणालं, सरांना एकदा तरी भेटायला हवं होतं. अखेर केतकीच्या म्हणण्याला चोवीस हात वर झाले. चार झाले नाहीत. सर वर्गावर राहिले. केतकीने तिथेच फोन काढून दोनाचं शून्य केलं. या वेळी बोट अडखळलं, पण तिने दाबलं.

सोमवारी ती मुद्दाम वर्गाच्या खिडकीशी थांबली. सर पहिल्यांदाच मुलांच्या मधोमध जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांनी पाटी पुढ्यात घेतली आणि हात पुढे केला. “या रे, जवळ या. चला, आज हात धरून गिरवू.”

एकही मूल हललं नाही. अठ्ठावीस पोरं सरांभोवती गोल करून उभी राहिली, आणि गोलातलं प्रत्येक मूल बरोबर दोन हातांवर होतं. कुणी आखून दिलं नव्हतं. सरांचा हात तसाच पुढे राहिला.

केतकीला राहवलं नाही. ती आत गेली, जुईपाशी उकिडवी बसली. “जा की गं, बाळा. तुला सर आवडतात ना?”

“आवडतात म्हणून तर नाही जात,” जुई कुजबुजली. “मी जवळ गेले की त्यांना चिमटा बसतो.”

“आता नाही बसणार. आम्ही बंद केला तो.”

जुईने सरांकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही तळव्यांकडे. ते फ्रॉकला खसखसून पुसले आणि आईला विचारलं, “मग आधी का बसायचा? आमचं काय चुकलं होतं?”